विश्लेषण : महास्फोट नेमका कुठे झाला? विश्वाच्या जन्माबद्दल विज्ञान काय सांगते, कुठे थांबते?

केबल आणि डिश घराघरांत येण्याआधी टीव्हीचा अँटेना वाऱ्याने हलला की पडद्यावर ‘मुंग्या’ यायच्या. कुणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचे आणि खालून ‘आलं, आलं’ अशी आरोळी यायची. त्या मुंग्यांपैकी साधारण एक टक्का खरखर विश्वाच्या बाल्यावस्थेतून निघालेल्या प्रारणामुळे असायची, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वाचा एक धूसर पुरावा दिवाणखान्यातल्या पडद्यावर दिसत होता. हा पुरावा काय सांगतो, महास्फोट सिद्धांत म्हणजे नेमके काय, डॉ. जयंत नारळीकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने तो का स्वीकारला नाही आणि गेल्या काही वर्षांत या सिद्धांताच्या आकड्यांमध्ये कोणता पेच निर्माण झाला आहे, याचा हा आढावा.

महास्फोट म्हणजे स्फोट होता का?

‘बिग बँग’ किंवा ‘महास्फोट’ म्हटले की रिकाम्या अंधारात एका ठिकाणी फटाका फुटावा आणि ठिणग्या चहूकडे उडाव्यात, असे चित्र डोळ्यांसमोर येते. हे चित्र चुकीचे आहे. स्फोट व्हायला आधी जागा लागते. महास्फोट सिद्धांतानुसार जागा, म्हणजे अवकाशच ताणले गेले आणि आजही ताणले जात आहे. त्यामुळे ‘महास्फोट कुठे झाला’ या प्रश्नाचे उत्तर ‘सगळीकडे’ असे आहे. आज जिथे पुणे आहे, जिथे देवयानी दीर्घिका आहे, तिथेही. त्या सर्व जागा तेव्हा एकमेकींच्या अत्यंत जवळ होत्या.

बेकरीत टुटीफ्रुटी घातलेला गोड पाव भट्टीत फुगताना काय होते ते पाहा. पीठ फुगून दुप्पट झाले, तर एक सेंटिमीटरवरचा तुकडा दोन सेंटिमीटरवर जातो आणि पाच सेंटिमीटरवरचा दहावर. तेवढ्याच वेळात जवळचा तुकडा एक सेंटिमीटर सरकला, तर लांबचा पाच. कोणत्याही तुकड्यावर बसून पाहिले तरी हेच दिसेल : बाकीचे सगळे दूर चालले आहेत आणि जो जितका लांब तो तितक्या वेगाने. प्रत्येकाला आपणच मध्यभागी आहोत असे वाटेल, पण मध्य कुणीच नाही. तुकडे स्वतः मात्र फुगत नाहीत. त्याचप्रमाणे दीर्घिका, सूर्यमाला किंवा माणूस प्रसरण पावत नाही, कारण गुरुत्वाकर्षण आणि अणूंमधील बल त्यांना बांधून ठेवतात.

ही उपमा एका ठिकाणी मात्र अपुरी पडते. पावाला कडा असते, त्याच्याबाहेर भट्टी असते. विश्वाला अशी कडा असल्याचा कोणताही पुरावा नाही. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाला मर्यादा आहे, कारण प्रकाशाला आपल्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ज्या भागातून १३८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आज आपल्याकडे येतो, तो भाग प्रसरणामुळे आता सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे दूर गेला आहे. त्यापलीकडेही विश्व असणार. ‘सुरुवातीला विश्व लिंबाएवढे होते’ अशी वाक्ये वाचायला मिळतात, ती या दिसणाऱ्या भागाबद्दल असतात, संपूर्ण विश्वाबद्दल नव्हे.

विश्व प्रसरण पावते हे कळले कसे?

विश्व स्थिर आहे, ही समजूत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इतकी पक्की होती की अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये आपल्या समीकरणांत एक जादा पद घातले. हेतू एवढाच की गुरुत्वाकर्षणामुळे विश्व कोसळू नये, ते जागच्या जागी राहावे. रशियन गणितज्ञ अलेक्झांडर फ्रिडमन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले की हीच समीकरणे प्रसरण पावणारे विश्वही देतात. बेल्जियमचे धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये हे गणित प्रत्यक्ष निरीक्षणांशी जोडले.

निरीक्षणांसाठी दोन गोष्टी हव्या होत्या : दीर्घिकेचा वेग आणि तिचे अंतर. वेग प्रकाशावरून कळतो. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशाच्या वर्णपटात ठरावीक जागी रेषा उमटवते. प्रकाशाचा स्रोत दूर जात असेल तर या रेषा तांबड्या रंगाकडे सरकतात. याला ताम्रसृती म्हणतात. अमेरिकेचे व्हेस्टो स्लायफर १९१२ पासून अशा नोंदी घेत होते.

अंतर मोजणे अधिक कठीण होते. आकाशात एखादा दिवा मंद दिसत असेल तर तो मुळातच मंद आहे की लांब आहे, हे कसे ओळखायचे? हार्वर्ड वेधशाळेतील हेन्रिएटा लेव्हिट यांनी हा प्रश्न सोडवला. ‘सेफीड’ प्रकारचे तारे ठरावीक काळाने तेजस्वी आणि मंद होतात. हा काळ जितका मोठा, तितका तारा मुळात तेजस्वी, हा संबंध त्यांनी १९१२ मध्ये मांडला. म्हणजे दिव्यावर त्याचा वॉट लिहिलेला सापडला. वॉट माहीत असेल आणि दिवा किती मंद दिसतो हे मोजता आले, तर अंतर काढता येते.

एडविन हबल यांनी कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून हीच मोजपट्टी वापरली आणि १९२९ मध्ये निष्कर्ष मांडला : जितके अंतर जास्त, तितका दूर जाण्याचा वेग जास्त. पावातल्या तुकड्यांचा नियम तो हाच. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने २०१८ मध्ये मतदान घेऊन या नियमाला ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणावे, अशी शिफारस केली.

मग ‘महास्फोट’ हे नाव कुणी दिले?

हबल यांच्या पहिल्या आकड्यांत मोठी चूक होती. त्यांच्या मोजमापानुसार विश्वाचे वय जेमतेम २०० कोटी वर्षे निघत होते. पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने असल्याचे किरणोत्सर्गाच्या मोजणीतून दिसू लागले होते. आईपेक्षा मुलगी वयाने मोठी, असा हा प्रकार होता.

या पार्श्वभूमीवर १९४८ मध्ये केंब्रिजमधील फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी ‘स्थिर स्थिती सिद्धांत’ मांडला. विश्व प्रसरण पावते हे त्यांना मान्य होते. पण दीर्घिका दूर जाताना रिकाम्या होणाऱ्या जागेत अतिशय मंद गतीने नवे द्रव्य निर्माण होते, त्यामुळे विश्व सर्व काळ सारखेच दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. अशा विश्वाला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही, म्हणून वयाचा पेचही नाही. २८ मार्च १९४९ रोजी बीबीसी रेडिओवरील भाषणात हॉईल यांनी प्रतिस्पर्धी कल्पनेचा उल्लेख ‘बिग बँग’ असा केला. ज्या सिद्धांताला त्यांचा आयुष्यभर विरोध राहिला, त्याचे बारसे त्यांनीच केले.

पुढे वॉल्टर बाड यांनी १९५२ मध्ये दाखवले की सेफीड ताऱ्यांचे दोन प्रकार आहेत आणि हबल यांच्या मोजणीत त्यांची सरमिसळ झाली होती. मोजपट्टीच चुकीची होती. ती दुरुस्त होताच विश्वाचे आकारमान आणि वय दुप्पट झाले. नंतरच्या दुरुस्त्यांनी ते आणखी वाढत गेले. वयाचा पेच सुटला, पण दोन सिद्धांतांपैकी बरोबर कोणता, हे ठरायचे होते.

निर्णायक पुरावा कोणता ठरला?

महास्फोट सिद्धांत खरा असेल तर सुरुवातीचे विश्व अतिशय तप्त असले पाहिजे आणि त्या उष्णतेचा अंश आजही शिल्लक असला पाहिजे. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच या अवशेषाचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे पाच अंश असेल, असे भाकीत केले होते. त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

१९६४ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे बेल लॅब्जचे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन कर्ण्याच्या आकाराच्या एका मोठ्या अँटेनावर काम करत होते. त्यांना एक खरखर सतावत होती. अँटेना कुठेही वळवला, दिवस असो वा रात्र, ऋतू कोणताही असो, ती कमी होत नव्हती. न्यूयॉर्क शहरातून येणारे संदेश तपासले, जोड तपासले. अँटेनात कबुतरांनी घरटे केले होते. ती पकडून दूर पाठवली, तर परत आली. विष्ठा साफ केली. तरीही खरखर तशीच. त्याच वेळी जवळच्याच प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट डिकी यांचा गट नेमका हाच अवशेष शोधण्यासाठी उपकरण उभारत होता. दोन्ही गटांचा संपर्क झाला आणि १९६५ मध्ये शोध प्रसिद्ध झाला. पेन्झियास आणि विल्सन यांना १९७८ चे नोबेल मिळाले.

हेच ते ‘कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड’, म्हणजे वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी. टीव्हीवरच्या मुंग्यांतला तो एक टक्का. नासाच्या ‘कोबे’ उपग्रहाने नंतर त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याचे अचूक मोजले. तप्त वस्तूच्या प्रारणाचा जो आलेख सिद्धांत सांगतो, त्यावर मोजलेले बिंदू तंतोतंत बसले. १९९२ मध्ये याच उपग्रहाने त्या प्रारणात एक लाखात एक एवढे सूक्ष्म चढउतार शोधले. किंचित दाट असलेल्या या जागीच पुढे गुरुत्वाकर्षणाने द्रव्य जमत गेले आणि दीर्घिका घडल्या. या कामासाठी जॉन मेदर आणि जॉर्ज स्मूट यांना २००६ चे नोबेल देण्यात आले.

आणखी एक पुरावा मूलद्रव्यांचा आहे. पहिल्या काही मिनिटांत विश्व एखाद्या प्रचंड अणुभट्टीसारखे होते. तेव्हाचे तापमान आणि घनता धरून गणित केले तर सामान्य द्रव्याच्या वजनाचा सुमारे एक चतुर्थांश भाग हेलियम असायला हवा. सर्वात जुन्या, अस्पर्श वायूत तो तेवढाच आढळतो. नुसत्या ताऱ्यांमधून एवढा हेलियम तयार होणे शक्य नाही.

नारळीकरांचा विरोध कशाला होता?

मराठी वाचकाला विश्वरचनाशास्त्राची ओळख प्रामुख्याने जयंत नारळीकर यांच्या लेखनातून झाली. कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेले नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांचे विद्यार्थी होते. दोघांनी मिळून १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. १९७२ मध्ये ते भारतात परतले आणि पुण्यातील ‘आयुका’चे संस्थापक संचालक झाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. महास्फोट सिद्धांत त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारला नाही, ही गोष्ट पुष्कळांना चकित करते. ‘मग महास्फोट खोटा आहे का?’ असा प्रश्न त्यामुळे पडू शकतो.

त्यांचा मुख्य आक्षेप सुरुवातीच्या क्षणावर होता. ज्या क्षणी घनता आणि तापमान अनंत होते, त्या क्षणी भौतिकशास्त्राचे नियमच लागू राहत नाहीत. अशा क्षणाला विज्ञानात स्थान देणे त्यांना पटत नव्हते. अदृश्य द्रव्य आणि अदृश्य ऊर्जा यांसारख्या प्रत्यक्ष न सापडलेल्या गोष्टींवर सिद्धांत उभा करण्यालाही त्यांचा विरोध होता. हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये स्थिर स्थिती सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. तिच्यात विश्व दीर्घकालीन प्रसरण पावते, पण अधूनमधून आकुंचन-प्रसरणाची आवर्तने होतात आणि द्रव्याची निर्मिती अनेक लहान घटनांमधून होते. सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी ही ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातील लोहाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा उत्सर्जित केल्यामुळे तयार होते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

बहुतांश शास्त्रज्ञांना हे पटले नाही. पार्श्वभूमी प्रारणाचा इतका नेमका आलेख आणि त्यातील चढउतारांची विशिष्ट रचना महास्फोट सिद्धांतातून सहज निघते, पर्यायी सिद्धांताला त्यासाठी बरीच कसरत करावी लागते. मात्र नारळीकरांचे पहिले प्रश्न निकाली निघालेले नाहीत. सुरुवातीच्या क्षणाबद्दल प्रस्थापित सिद्धांतही आज गप्प आहे आणि अदृश्य द्रव्य अजून कुठल्याही प्रयोगशाळेत सापडलेले नाही.

विश्वाचा आजवरचा प्रवास कसा झाला?

सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत विश्व पुरेसे थंड झाले आणि प्रोटॉन, न्यूट्रॉन तयार होऊ लागले. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हेलियमची अणुकेंद्रके बनली. त्यानंतर बराच काळ विश्व दाट धुक्यासारखे होते. मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला पुढे जाऊ देत नव्हते. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान तीन हजार अंशांपर्यंत उतरले, इलेक्ट्रॉन केंद्रकांशी जोडले जाऊन अणू तयार झाले आणि धुके निवळले. तेव्हा सुटलेला प्रकाश म्हणजे आजची पार्श्वभूमी. त्यानंतर अवकाश सुमारे ११०० पट ताणले गेल्याने तो प्रकाश सूक्ष्मतरंगांत बदलला आहे.

पुढची काही कोटी वर्षे अंधारयुगाची. साधारण १० ते २० कोटी वर्षांनी पहिले तारे पेटले. त्यांच्या पोटात कार्बन, ऑक्सिजन, लोह यांसारखी जड मूलद्रव्ये शिजली आणि ताऱ्यांच्या मृत्यूबरोबर अवकाशात पसरली. सूर्य आणि पृथ्वी यांचा जन्म ४६० कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे विश्वाच्या कथेत बराच उशिराचा.

त्याआधी काय होते?

इथे विज्ञान थांबते. महास्फोट सिद्धांत हा विश्व ‘कसे वाढले’ याचा सिद्धांत आहे, ‘का सुरू झाले’ याचा नाही. समीकरणे मागे नेत गेल्यास एका टप्प्यानंतर सापेक्षता सिद्धांत आणि पुंज सिद्धांत दोन्ही एकत्र वापरावे लागतात. या दोहोंना जोडणारा, प्रयोगाने सिद्ध झालेला सिद्धांत अद्याप नाही. त्यामुळे ‘विश्व शून्यातून निर्माण झाले हे विज्ञानाने सिद्ध केले’ किंवा ‘महास्फोटाआधी काहीच नव्हते’ ही विधाने विज्ञानाच्या नावावर खपवणे योग्य नाही.

सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात विश्व अचानक प्रचंड वेगाने ताणले गेले, असे मांडणारी ‘इन्फ्लेशन’ची कल्पना अॅलन गूथ यांनी १९८० च्या सुमारास पुढे आणली. विश्व सर्व दिशांना इतके एकसारखे का दिसते, हे तिने समजते. पण तिचा थेट पुरावा मिळालेला नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-२’ प्रयोगाने तो सापडल्याची घोषणा केली आणि जगभर ठळक बातम्या झाल्या. काही महिन्यांतच ‘प्लँक’ उपग्रहाच्या नोंदींवरून स्पष्ट झाले की तो संकेत आपल्याच आकाशगंगेतील धुळीमुळे मिळू शकतो. दावा मागे पडला.

सध्याचा पेच काय आहे?

विश्व आज किती वेगाने प्रसरण पावते, या आकड्याला हबल स्थिरांक म्हणतात. तो मोजण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली पद्धत बाल्यावस्थेपासून सुरू होते. पार्श्वभूमी प्रारणातील चढउतार मोजायचे, प्रमाण सिद्धांत वापरायचा आणि आजचा वेग काढायचा. ‘प्लँक’ उपग्रहाच्या नोंदींवरून तो ६७.४ येतो. म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षे अंतरामागे प्रसरणाचा वेग सेकंदाला ६७.४ किलोमीटरने वाढतो. दुसरी पद्धत लेव्हिट आणि हबल यांच्याच वाटेची. जवळचे सेफीड तारे, त्यावरून स्फोट पावणारे तारे म्हणजे सुपरनोव्हा, अशी अंतरांची शिडी चढत आजचा वेग थेट मोजायचा. अॅडम रीस यांच्या गटाला तो ७३ च्या आसपास मिळतो.

फरक आठ टक्क्यांचा आहे. अंतराच्या मोजणीत पूर्वी दुपटीची चूक खपून जायची, पण आता दोन्ही गटांच्या मोजमापातली त्रुटी एक-दीड टक्क्याच्या आत आहे. त्यामुळे दोन्ही आकडे बरोबर असू शकत नाहीत. किंवा असतील, तर मधला सिद्धांत अपुरा आहे. यालाच ‘हबल टेन्शन’ म्हणतात. नेहमीच्याच सिद्धांतात ६७ ऐवजी ७३ घातले, तर विश्वाचे वय साधारण १०० कोटी वर्षांनी कमी होते.

सेफीड ताऱ्यांच्या प्रकाशात शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश मिसळून चूक होत असावी, अशी एक शंका होती. जेम्स वेब दुर्बिणीने अधिक स्पष्ट छायाचित्रे घेतली, तेव्हा रीस यांच्या गटाच्या मते ही शंका टिकली नाही. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने मात्र जेम्स वेबच्याच आधारे, वेगळे तारे वापरून ७० च्या जवळचा आकडा काढला. त्यांच्या मते पेच कदाचित मोजणीतलाच असेल. बाड यांच्या काळात मोजपट्टी चुकली होती, या वेळीही तसेच आहे की सिद्धांताला नवा भाग जोडावा लागेल, हा आजचा वाद आहे.

९५ टक्के विश्व अज्ञात आहे, म्हणजे काय?

तारे, ग्रह, वायू, माणसे हे सगळे मिळून विश्वाच्या एकूण हिशेबातले पाच टक्के. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आहे. ते दिसत नाही, पण त्याच्या गुरुत्वाकर्षणाशिवाय दीर्घिकांचे फिरणे समजत नाही. उरलेले सुमारे ६८ टक्के म्हणजे कृष्णऊर्जा. १९९८ मध्ये सुपरनोव्हांच्या निरीक्षणातून विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वाढत असल्याचे दोन गटांना दिसले. सोल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि रीस यांना त्यासाठी २०११ चे नोबेल मिळाले. आइन्स्टाइन यांनी घातलेले आणि नंतर सोडून दिलेले पद या निमित्ताने परत आले.

ही ऊर्जा काळानुसार बदलत नाही, असे प्रमाण सिद्धांत मानतो. अमेरिकेतील अॅरिझोना येथील ‘डेसी’ प्रकल्प पाच हजार प्रकाशतंतू वापरून एकाच वेळी हजारो दीर्घिकांचे वर्णपट टिपतो. मार्च २०२५ मध्ये या गटाने सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसारच्या नोंदींवरून सांगितले की कृष्णऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी. तुलनेसाठी कोणते सुपरनोव्हा घेतले त्यानुसार या संकेताची खात्री २.८ ते ४.२ सिग्मा इतकी आहे. शोध म्हणवून घ्यायला पाच सिग्मा लागतात. म्हणजे केवळ योगायोगाने तसे दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एक. तोपर्यंत हा संकेतच.

जेम्स वेबने महास्फोट खोटा ठरवला का?

असे संदेश समाजमाध्यमांवर २०२२ पासून फिरतात. जेम्स वेबला महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्याही आतल्या दीर्घिका दिसल्या. त्या अपेक्षेपेक्षा तेजस्वी आणि संख्येनेही जास्त आहेत. त्यामुळे पहिल्या दीर्घिका कशा आणि किती लवकर घडल्या, याचे आडाखे बदलावे लागत आहेत. पण विश्व तप्त आणि दाट होते, ते प्रसरण पावत थंड झाले, या निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही. रोपे अपेक्षेपेक्षा लवकर उंच झाली म्हणून पेरणी झालीच नव्हती, असे कुणी म्हणत नाही.

भारताचा वाटा काय?

या प्रश्नांची काही उत्तरे महाराष्ट्रातून येऊ शकतात. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही महादुर्बीण आहे. हायड्रोजनचे अणू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतात. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या संशोधनात, विश्वाचे वय ४९० कोटी वर्षे असताना एका दीर्घिकेतून निघालेला हा क्षीण संदेश जीएमआरटीने टिपला. अंधारयुगानंतर पहिल्या ताऱ्यांनी विश्व कसे उजळवले, हे याच लहरींमधून कळेल, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभारल्या जात असलेल्या ‘एसकेए’ प्रकल्पात भारत सहभागी आहे.

दुसरे ठिकाण हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसर. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाच्या बांधकामाला मंजुरी दिली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की गुरुत्वीय लहरी निघतात आणि त्या लहरींच्या स्वरूपावरूनच टकरीचे अंतर काढता येते. त्यासाठी सेफीड लागत नाहीत की सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी. म्हणजे हबल स्थिरांक मोजण्याची ही पूर्णपणे स्वतंत्र, तिसरी पद्धत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये टिपलेल्या अशा पहिल्या टकरीवरून ७० च्या आसपासचा आकडा मिळाला, पण त्यातील त्रुटीची मर्यादा इतकी मोठी होती की ६७ आणि ७३ दोन्ही त्यात बसतात. अशा आणखी अनेक टकरी नोंदवल्या गेल्या, तर ही मर्यादा कमी होईल. लहर नेमकी कोणत्या दिशेने आली हे ठरवायला पृथ्वीवर एकमेकांपासून दूर असलेली केंद्रे लागतात आणि हिंगोलीची जागा त्यासाठी सोयीची आहे.

हबल यांचा पहिला आकडा ५०० च्या आसपास होता. तो ७० च्या घरात यायला जवळपास सात दशके गेली. आता वाद ६७ की ७३ एवढ्यावर आला आहे. हा उरलेला फरक मोजणीतली चूक ठरला तर सध्याचा सिद्धांत आणखी भक्कम होईल. तो खरा निघाला, तर विश्वाच्या जन्मकथेतले एखादे पान अद्याप वाचायचे राहिले आहे, असा त्याचा अर्थ होईल.